उभी गाडी आणि विसरलेले हात

स्वयंसेवी बचाव पथकांच्या खास गाड्या, त्या चालवणारी माणसं आणि गाड्यांची देखभाल यांवरची पत्रं या सदरात घेतो. या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. मी आधी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, पुढे पथकात पंपावर उभी राहिले आणि आता नव्यांना शिकवते. त्यामुळे उत्तरं त्याच अनुभवातून येतील.

प्रश्न : ताई, आमच्या पथकाकडे ४,००० लिटरचा बंब आहे. जड वाहनाचा परवाना असलेले चौदा स्वयंसेवक आहेत, सगळे नोकऱ्या सांभाळून येतात. कॉल आला की जो आधी पोहोचेल तो स्टेअरिंगवर बसतो. गेल्या महिन्यात परतताना एका वळणावर गाडी इतकी झुकली की आत बसलेल्यांचा जीव टांगणीला लागला. चालवणारा रोज ट्रक चालवतो. मग चुकलं कुठे? समितीतले काही जण म्हणतात, परवाना आहे ना, मग वेगळं प्रशिक्षण कशाला?

उत्तर : ‘परतताना’ असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मी थांबले. जाताना टाकी भरलेली असणार आणि परतताना अर्धवट. भरलेल्या टाकीत चार टन पाणी असतं, पण त्याला हलायला जागा नसते. टाकी अर्धी झाली की दोन टन पाणी उरतं आणि तेवढीच मोकळी जागाही. गाडी वळली की ते बाहेरच्या बाजूला जातं. चालक स्टेअरिंग सरळ करतो, गाडी सरळ होते, आणि मग पाण्याची लाट परत येऊन धडकते. हा जो उशीर आहे ना, तो ट्रक चालवणाऱ्याच्या अंगात नसतो, कारण त्याचा माल बांधलेला असतो. त्याचा हात वाईट आहे असं मुळीच समजू नका. टाकीत आडवे पत्रे असतात, पण ते मुख्यतः पुढे-मागे धावणारं पाणी अडवतात. डावी-उजवीकडच्या हेलकाव्याला त्यांचा तेवढा आधार नसतो.

म्हणून नियम करा : परत निघताना टाकी पूर्ण भरायची, नाहीतर पूर्ण रिकामी करायची. दोन्ही शक्य नसेल तर वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही. हे फळ्यावर शिकवू नका. मोकळ्या मैदानात शंकू मांडा आणि त्याच वळणावर गाडी तीनदा न्या : रिकामी, भरलेली आणि अर्धी. सुरुवात ताशी २० किलोमीटरने करा, वेग वाढवायची घाई नको. ज्यांची पाळी नाही त्यांना आत बसवा. अर्ध्या टाकीच्या फेरीत मागाहून जो धक्का बसतो, तो एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही.

आता समितीचा प्रश्न. परवाना सांगतो की हा माणूस अशा वजनाची गाडी रस्त्यावर चालवू शकतो. तुमच्या बंबाचं मागचं टोक वळताना किती बाहेर जातं, वर बांधलेली शिडी धरून उंची किती होते, पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाकडे वळवणारी जोडणी) लागला आहे की नाही हे कुठल्या दिव्यावर दिसतं, यातलं परवान्याला काही माहीत नसतं. माझ्या मते पथकाने प्रत्येक गाडीची वेगळी यादी ठेवावी. एका गाडीवर तयार झालेला माणूस दुसरीवर आपोआप तयार होत नाही.

आणि चौदा जण फार झाले. साधा हिशेब करा. गाडी आठवड्यातून एकदा बाहेर काढली तर वर्षाला ५२ फेऱ्या होतात. चौदा जणांत वाटल्या तर एकाच्या वाट्याला चारसुद्धा येत नाहीत. मधल्या तीन महिन्यांत हात सगळं विसरतात, आणि माणसाला ते जाणवत नाही, कारण बाकीच्या दिवशी तो कार किंवा ट्रक चालवतच असतो. सहा जण निवडलेत तर प्रत्येकाला वर्षात आठ-नऊ फेऱ्या मिळतील. उरलेल्या आठ जणांना पंपावर आणि साहित्यावर तयार करा. रुसवे-फुगवे होतील. ते सहन करा, पण आकडा वाढवू नका.

त्या आठ-नऊ फेऱ्यांपैकी निदान दोन रात्री हव्यात आणि एक पावसात. चालकाशेजारी बसलेल्याने सायरन आणि वायरलेस सांभाळायचा, चालकाने फक्त गाडी. सायरन कानात वाजत असला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जड होतो, हे मी स्वतःवर पाहिलं आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. सायरनने त्यात एक फूटही कमी होत नाही. गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरून मागे उभा राहिलाच पाहिजे. तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबली पाहिजे. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

आणखी एक. प्रशिक्षणाचा दिवस वेगळा आणि देखभालीचा दिवस वेगळा ठेवू नका. त्या आठवड्याच्या फेरीचा चालक तोच त्या दिवशीचा देखभालवाला. गाडी सुरू करण्याआधी त्याने हात लावून, मोठ्याने बोलत तपासायचं : ऑइल, पाणी, चाकांचे नट, खाली कुठे थेंब पडले आहेत का, कप्प्यांची दारं. मग एअर ब्रेक. हवा पूर्ण भरू द्यायची, इंजिन बंद करायचं, चाकांना अडण्या लावून हँडब्रेक सोडायचा, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि मिनिटभर हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघायचं. काटा जेमतेम हलला पाहिजे. सरसर खाली येत असेल तर गाडी बाहेर काढायची नाही. मग ब्रेक पुन्हा-पुन्हा दाबून हवा मुद्दाम उतरवायची, म्हणजे धोक्याचा बझर वाजतो की नाही ते कळतं. हवा आणखी उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक स्वतःहून आवळले जातात. बऱ्याच चालकांना हे ठाऊक नसतं. हवा गेली की ब्रेक गेले, अशी त्यांची समजूत असते, आणि गाडी मध्येच अडून बसली की ते बावरतात. शेवटी एअर टँकच्या तळाचा व्हॉल्व्ह ओढून पाणी काढायचं. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. ब्रेकही तपासला जातो आणि चालकाला ब्रेक कळतोही.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी झकास चालणारा पंप सरावात विहिरीचं पाणी ओढेना. प्रायमर (सुरुवातीला पाइपातली हवा काढणारा छोटा पंप) मिनिटभर चालवला, तरी नाही. पंप बदलावा लागेल का?

उत्तर : पंपाला हात लावू नका, आधी त्याच्या पोटाखालचा निचऱ्याचा कॉक बघा. मागच्या सरावानंतर कुणीतरी पंपातलं पाणी काढायला तो उघडला असेल आणि तसाच राहिला असेल. अशा तक्रारींत मी पहिला हात तिथेच नेते, आणि बऱ्याचदा पुढे जावं लागत नाही.

कॉक बंद असेल तर पुढचं वाचा. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं काम बाहेरची हवा करते. प्रायमर सक्शन पाइपातली हवा काढून टाकतो आणि विहिरीच्या पाण्यावर दाबणारी हवा पाण्याला वर ढकलते. टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीवर हवेचा हा दाब दाखवून दिला. पाण्याच्या भाषेत तो समुद्रसपाटीला साधारण १०.३ मीटर भरतो. त्याहून खोल पाणी जगातला कुठलाच पंप वरून ओढू शकत नाही. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण आणि सांध्यांतली बारीक गळती धरून सात-साडेसात मीटरवर हात टेकावे लागतात. उंच भागात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याहूनही कमी. तेव्हा आधी दोरीला वजन बांधून पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन महिन्यांत विहीर खाली गेली असेल तर पंपाचा काहीच दोष नाही.

अंतर ठीक निघालं तर हवा कुठून तरी आत शिरते आहे. टाकीचा व्हॉल्व्ह आणि सगळ्या डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी तोंडं, बंद करा, सक्शनच्या तोंडाला टोपण लावा, प्रायमर चालवून निर्वात करा आणि इंजिन बंद करा. आता गप्प राहा आणि ऐका. काटा परत येऊ लागला तर कुठेतरी बारीक ‘स्स्स’ ऐकू येईल. साबणाच्या पाण्याचे फुगे शोधत बसू नका. इथे हवा बाहेर येत नाही, आत जाते, फुगा यायचा कुठून? पंप घट्ट निघाला तर एक पाइप जोडा, त्याच्या टोकाला टोपण लावा आणि पुन्हा बघा. मग दुसरा. ज्या पाइपाला काटा पडेल त्याच्या कपलिंगमधलं रबरी वॉशर नखाने दाबून बघा. नखाचा व्रण उमटून भरून आला तर रबर जिवंत आहे. कडक लागलं किंवा कड तुटून हातात आली तर तेच तुमचं दुखणं.

प्रायमर मिनिटभर चालवणं चूक. ४५ सेकंदांत पाणी आलं नाही तर थांबायचं आणि कारण शोधायचं. तसाच रेटला तर प्रायमरच जळतो. पाइप मांडताना मध्ये कुठे कमान होऊ देऊ नका, तिथे हवा अडकते. गाळणी पाण्यात नीट खोल हवी. वर भोवरा दिसायला लागला की ती हवा ओढते आहे असं समजा.

पंप शिकवताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी नवी असताना एका कॉलवर पाणी मारून झालं, पुढून नोझल बंद झाला आणि आम्ही गाडीमागे बोलत उभे राहिलो. पंप चालूच होता. पाणी कुठेच जात नव्हतं, आतल्या आत घुसळत होतं. घुसळलेलं पाणी तापतं हे मला पुस्तकात माहीत होतं. बऱ्याच वेळाने मी पंपाच्या अंगावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. डिलिव्हरी उघडली तशी पाण्याआधी वाफ आली. सील गेलं आणि बंब बरेच दिवस उभा राहिला. त्या दिवसांत कॉल आला असता तर आम्ही कशाने गेलो असतो, हा विचार आजही नको वाटतो. तेव्हापासून नोझल बंद झाला की टाकीकडे परतणारी लाइन थोडी उघडायची, आणि दर काही मिनिटांनी पंपावर तळहात ठेवायचा. माझ्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण हे करतो.

प्रश्न : मी आमच्या पथकाचा खजिनदार आहे. बचाव गाडी नऊ वर्षांत जेमतेम ११,००० किलोमीटर चालली आहे. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. तरी चालक टायर बदला, ऑइल बदला, बॅटरी बदला म्हणतात. देणगीदारांना काय सांगू?

उत्तर : देणगीदारांना गाडीपाशी न्या आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ लिहिलं असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर चालण्याने झिजतं तसं उन्हाने आणि नुसत्या वयानेही सुकतं. बऱ्याच उत्पादकांचा सल्ला आहे की नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांपुढे टायर ठेवू नये. तुमच्या टायरच्या कडेला केसासारख्या भेगा दिसत असतील तर दहाची वाट बघू नका. गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटाही होतो.

किलोमीटरचा आकडा तुमच्या गाडीचं खरं वय सांगत नाही. जनरेटर, पंप, विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) चालतात तेव्हा इंजिन तासन्‌तास राबतं आणि किलोमीटर एकही वाढत नाही. तास मोजणारं मीटर बघा आणि ऑइल त्या हिशेबाने बदला. उत्पादकाने महिन्यांची मुदत दिलेली असते, तीही पाळा.

उलट एक खर्च तुम्ही वाचवू शकता. बरीच पथकं आठवड्याला दहा मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवतात आणि समाधान मानतात. त्याने नुकसानच होतं. ऑइल तापत नाही, इंजिनात धरलेला ओलावा तसाच राहतो, सेल्फने खाल्लेली वीज बॅटरीत पूर्ण परत जात नाही, आणि नव्या डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर काजळीने तुंबतो. अर्धा तास रस्त्यावर नीट चालवा. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत बाष्प धरायला वाव राहत नाही. तळाला पाणी साचलं की त्यात जिवाणू वाढतात आणि फिल्टरमध्ये शेवाळासारखा चिकटा येतो. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू महिन्यातून एकदा सोडून बघा.

बॅटरीचं सोपं आहे. रात्रभर स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीवर मीटर लावा. १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.६ च्या वर हवं, १२.४ च्या खाली गेली तर लगेच चार्जला लावा. दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची गाडी असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. बेरीज ठीक दिसते आणि त्यातली एक मेलेली असते.

प्रश्न : आमच्या विंचवर पाच टन लिहिलं आहे, पण तीन टनांची गाडी चिखलातून काढताना ती दमून थांबते. कंपनीने फसवलं का?

उत्तर : नाही. तो आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर वाढले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होत जाते. शिवाय चिखलात रुतलेली गाडी तिच्या वजनापेक्षा जास्त ओढ मागू शकते. दोर जास्त सोडून लांबून ओढा किंवा कप्पी लावून दोर परत आणा. ओढ जवळपास दुप्पट होईल, वेग निम्मा. वायररोप असेल तर ड्रमवर निदान पाच वेढे राहू द्या. हातमोजे हवेतच, तुटलेल्या तारेचं टोक सुईसारखं शिरतं. दोराच्या लांबीएवढ्या परिसरात कुणीही नको आणि ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही. कप्पीचा सराव कॉलवर करू नका, रविवारी करा.

प्रश्न : ताई, हे पत्र लिहिताना संकोच वाटतो. ज्या काकांनी आम्हा सगळ्यांना बंब चालवायला शिकवलं ते आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. रात्री मागे घेताना दोनदा खांबाला घासलं. दोन्ही वेळा कुणी वहीत नोंद केली नाही. त्यांना सांगायचं कुणी?

उत्तर : तुम्हीच सांगायचं. तुम्ही पत्र लिहिलंत म्हणजे तुम्हालाच त्यांची सर्वांत जास्त काळजी आहे.

पण आधी एक करा. सर्व चालकांची वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी आणि मैदानावरची तीच चाचणी ठेवा, अध्यक्षांसकट. एकट्या काकांसाठी चाचणी काढलीत तर त्यांचा अपमान होईल आणि तो मलाही पटणार नाही. संध्याकाळच्या अंधारातली फेरी त्यात हवीच. पंचविशीतला एखादाही नापास होईल, आणि ते तुम्हाला आत्ता कळलेलं बरं.

चाचणीआधी काकांना एकटं गाठा, गाडीपाशीच. आडवळणाने बोलू नका. ‘काका, रात्री मागचं नीट दिसत नाही असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि थांबा. बहुतेक वेळा माणसाला स्वतःला ते आधीच कळलेलं असतं. आपण स्टेअरिंग सोडलं तर पथकात आपली जागा कुठली, याची त्याला भीती असते. ती जागा तुम्ही आधी तयार ठेवा. पंपाचं पॅनल त्यांच्याकडे द्या. बेअरिंग बोलायला लागलं आहे हे त्यांना कानाने कळतं, नव्या पोरांना अजून वर्षं लागतील. दर रविवारी एका नव्या मुलाला त्यांच्याजवळ बसवा आणि ते सांगतील ते लिहून घ्यायला लावा : कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठला नट उलट्या आट्यांचा आहे. कंपनीच्या पुस्तकात यातलं काही सापडत नाही.

नोंद न होणं मात्र मला खांबापेक्षा जास्त लागलं. कुणाचं नाव लागेल या भीतीने वही कोरी राहते, आणि पुढच्या चालकाला मागचा दिवा फुटलेला आहे हे रस्त्यावर कळतं. वहीत काय बिघडलं, कधी लक्षात आलं, गाडी कॉलला न्यायची की नाही, एवढं लिहिलं पाहिजे आणि लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारता कामा नये. गाडी बंद ठेवायचा अधिकार त्या दिवशीच्या चालकाला द्या, मग तो पथकात कालच आलेला असो.

आमच्या पथकातही असेच एक काका होते. त्यांच्याशी बोलायला मी तीन आठवडे लावले. शेवटी बोलले तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, काही उत्तर दिलं नाही, आणि किल्ली खिळ्याला अडकवून आत गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने बघितलं तर वही उघडून बसले होते. मागच्या तीन महिन्यांतल्या पानांवर जागा शोधून त्यांनी तारखेसकट लिहिलं होतं : मागचा कोपरा खांबाला लागला, दिव्याची काच तडकली, चालक मी.